कोकणातली वाइनची संध्याकाळ: बाटल्या हवामानाप्रमाणे मांडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ, समुद्रापासून पाच मिनिटांवर तुमचं होमस्टे आहे. डिसेंबरात वीसेक पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याची एक संध्याकाळ ठेवायची आहे आणि त्यासाठी सहा वाइन निवडायच्या आहेत. दुकानदाराने स्वस्त ते महाग अशी यादी करून दिली आहे. शिवाय पाहुणे हमखास विचारतात, नाशिकला वाइनची द्राक्षं होतात, अकलूजला होतात, मग आपल्या कोकणात का नाहीत? त्यांना काय सांगायचं?

मी मूळची दापोली तालुक्यातली. बारा वर्षं नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंग रूम सांभाळली, आणि आता रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा संध्याकाळी करते. माझ्या लेखी तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. किमतीची यादी बाजूला ठेवा. बाटल्या हवामानाप्रमाणे मांडल्यात, तर कोकणात द्राक्षं का नाहीत याचं उत्तर पाहुण्यांना तिसऱ्या ग्लासापर्यंत जिभेवरच मिळेल.

सुरुवात सह्याद्रीपासून करा, कारण तो तुमच्या पाहुण्यांना अंगणातूनही माहीत असतो. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटाला अडतात, वर चढतात, गार होतात आणि आपल्याकडे रिकामे होतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर इगतपुरीलाही तेवढाच, किंबहुना जास्त. तिथून नाशिक शहर जेमतेम ४५ किलोमीटर, आणि तिथे पडतो ७०० मिलिमीटरच्या आसपास. अकलूजकडे गेलात तर त्याहूनही कमी. म्हणजे ज्या ढगांनी तुमची भातखाचरं भरली, त्यांच्यात पलीकडे द्यायला फारसं काही उरत नाही, आणि म्हणूनच पलीकडे द्राक्ष उभं राहतं. नाशिकची वाइन हे एका अर्थी कोकणच्या पावसाचंच दुसरं टोक आहे. मी हे वाक्य प्रत्येक ठिकाणी सांगते, आणि कोकणातली माणसं ते ऐकून नेहमी क्षणभर थांबतात.

पावसाचं एवढं का, तर द्राक्षाच्या पानाला ओल सोसत नाही. पान तासन्‌तास ओलं राहिलं आणि हवा उबदार असली की केवडा नावाचा बुरशीचा रोग येतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग पडतात, खालून पांढरी बुरशी धरते, आणि घडावर गेला तर घड जातो. नाशिकचा बागायतदार सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसतो तो याच भीतीने. कोकणात चार महिने पान वाळतच नाही. जांभ्या कातळातून पाणी पटकन निचरतं हे खरं, पण निचरा मुळांपुरता, पानाला त्याचा उपयोग नाही. मांडवावर हौसेने चढवलेला एखादा वेल जगेल, त्यावरून वाइन होणार नाही.

दुसरं कारण रात्रीचं आहे, आणि वाइनच्या चवीत तेच जास्त उतरतं. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक, चिंचेत असतं तेच. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदात असतं ते. मणी पिकत असताना साखर वाढते आणि आम्ल उतरतं, कैरीचा आंबा होताना होतं तसंच. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं, पण मॅलिक वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकते, आणि उबदार रात्री ते भराभर जळतं. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांपर्यंत खाली जातात, निफाडचा पारा किती उतरला याच्या तर दर थंडीत बातम्या येतात. त्याच रात्री रत्नागिरीत अठरा-वीस अंश असतात. आपल्याला ते सुखाचं वाटतं. द्राक्षाला मात्र त्या रात्रीत विसावा नाही, त्याचा आंबटपणा जळत राहतो आणि हाती येतो तो नुसता गोड मणी. अशा मण्याची वाइन पसरट लागते, जिभेवर उभी राहत नाही.

आता आपल्याकडची वेल युरोपातल्यासारखी बर्फात झोपत नाही. ती बारा महिने जागी असते, म्हणून तिचं वर्ष माणसाला कात्रीने आखावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यानंतर उन्हाळ्यात काडी तयार होते आणि पुढच्या घडाचं बीज डोळ्यात धरतं. मग पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिथून फुलोरा, मणी, डिसेंबरअखेर मण्यात पाणी उतरणं, आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत काढणी. फ्रान्स-इटलीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तिकडे द्राक्ष पिकतं तेव्हा उन्हाळा सरत असतो, दिवस लहान होत असतात, रोज थोडी जास्त थंडी. पिकणं सावकाश होतं, आणि शेतकऱ्याला वाट पाहायला सवड मिळते. आपल्याकडे द्राक्ष पिकतं तेव्हा थंडी सरत असते आणि रोज थोडं जास्त ऊन. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी असे दिवस पाहिलेत की सकाळी चाखलेला मणी ‘अजून चार दिवस थांबू’ म्हणत होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं आम्ल हातातून गेलं होतं. म्हणून आमच्याकडे काढणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटरी लावून चालायची. क्रेटमधला घड हाताला गार लागला पाहिजे, हा एकच नियम मुकादम पुन्हा पुन्हा सांगायचे. नऊ वाजता ऊन चढलं की हात थांबायचे.

हे सगळं तुम्ही बोलून दाखवलंत तर पाहुणे माना डोलावतील आणि विसरतील. ग्लासात दाखवा. त्यासाठी माझी आवडती जोडी आहे सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची: एक न्यूझीलंडच्या मार्लबरोची, एक नाशिकची. मार्लबरो ४१ अंश दक्षिणेला आहे, नाशिक २० अंश उत्तरेला. गंमत अशी की दोन्हीकडची काढणी जवळपास एकाच सुमाराला होते, नाशिकची फेब्रुवारीत, तिकडची मार्च-एप्रिलात. कॅलेंडरवर काही आठवड्यांचं अंतर, पण इकडे उन्हाळा दारात असतो आणि तिकडे शरद ऋतू, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री स्वेटर. द्राक्षाची जात एकच, महिने जवळजवळ तेच, हवामानाची दिशा उलटी. दोन ग्लास शेजारी ठेवा आणि आधी काही सांगू नका. मार्लबरोच्या ग्लासातून कापलेल्या गवताचा, पॅशनफ्रूटचा वास वर येतो, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं, थेट आवळा चावल्यासारखं. नाशिकच्या ग्लासात तो हिरवेपणा आहे, पण त्यावर पिकलेल्या पेरूचा गर आहे, आणि आंबटपणा गोलसर होऊन येतो. कोणती चांगली, असं लगेच कुणीतरी विचारेल. तुम्ही उलट विचारा, कोणती जास्त गार रात्रींची? वीसपैकी पंधरा-सोळा जणं बरोबर सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखणारीसुद्धा. आपल्या लोकांना हे कळणारच. कातळावरच्या कलमाचा हापूस आणि भाटातल्या कलमाचा हापूस सालीला नाक लावून ओळखणारी माणसं आहेत ही, जात एक आणि जागा दुसरी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

याच जागी कुणीतरी विचारेल, की मग जिथे भरपूर पाऊस आणि समुद्र दोन्ही आहे तिथे वाइन होतच नाही का? होते. स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियात, रियास बायशास नावाचा किनारी भाग आहे. अटलांटिकला चिकटलेला, हिरवागार, वर्षाला १५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथली आल्बारीन्यो ही पांढरी वाइन कालवं आणि शिंपल्यांबरोबर पितात. तिथे वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर उंच मांडवावर चढवतात, आपल्या पडवळ-दोडक्याच्या मांडवासारख्या, म्हणजे खालून वारा खेळतो आणि पान वाळतं. पण खरी मेख पावसाच्या वेळेत आहे. त्यांचा बराचसा पाऊस शरदात आणि हिवाळ्यात पडतो, वेल झोपलेली असताना, थंडीत. आपला पाऊस पडतो तो उबेत, वेल टक्क जागी असताना. ३००० मिलिमीटर हा आकडा तितकासा मारक नाही, जून ते सप्टेंबर हे महिने मारक आहेत. मुंबई-पुण्याच्या दुकानात आल्बारीन्यो कधीकधी मिळते. मिळाली तर मार्लबरोच्या जागी खुशाल ठेवा, समुद्राकाठच्या जेवणाला ती जास्तच शोभते. मग जातीची जोडी मोडते, पण किनाऱ्याची जुळते.

आता क्रम. पहिली नाशिकची स्पार्कलिंग. बुडबुड्यांच्या वाइनला आंबटपणा चढाच लागतो, म्हणून तिची द्राक्षं हंगामात सगळ्यात आधी, साखर पुरती चढण्याआधीच उतरवतात. थंडीतलं नाशिक या वाइनला मानवतं. आपल्याकडे नव्या काळात चांगल्या वाइनची सुरुवातही बुडबुड्यांनीच झाली, १९८० च्या दशकात नारायणगावला, शामराव चौगुल्यांच्या हातून. मग वर सांगितलेली सोव्हिन्यों ब्लाँची जोडी. सुला या वायनरीने नाशिकमध्ये हे द्राक्ष आणि शेनिन ब्लाँ रुजवलं आणि २००० साली पहिली वाइन आणली, त्यामुळे नाशिकच्या बाटलीला एका पिढीचा अनुभव आहे, ती बिचकत ठेवू नका.

चौथी अकलूजची सँजोव्हेसे, ही रेड. हे मूळ इटलीच्या टस्कनीतलं द्राक्ष, तिथल्या टेकड्यांवर ते आंबट चेरीसारखं आणि थोडं तुरट होतं. फ्रातेल्ली या वायनरीने ते सोलापूर जिल्ह्यात नीरेकाठच्या कोरड्या, तापणाऱ्या रानात लावलं. ग्लासात फळ जास्त पिकलेलं लागतं, तुरटपणा मऊ. पाचवी नाशिकची शिराज, तीही रेड. हे द्राक्ष ऊन सांगतं. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमध्ये, थंडाव्यात, त्याला मिऱ्याचा झणका येतो. ऑस्ट्रेलियाच्या बारोसातल्या उन्हात ते जॅमसारखं दाट होतं. नाशिकची या दोघांच्या मध्ये बसते, बऱ्याचदा बारोसाकडे कललेली. ग्लासात मिरी सापडते का ते पाहुण्यांना शोधायला लावा.

शेवटची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ, गोड. जर्मनीत अशा गोड वाइनसाठी धुकं आणि कधी बर्फसुद्धा कामाला येतो. आपल्याकडे घड वेलीवरच ठेवतात आणि ऊन त्यातलं पाणी काढून घेतं. तासगावचा बेदाणा तोंडात टाकून हा घोट घ्या, नातं लगेच कळेल. मी बेदाण्याची वाटी मुद्दाम ठेवते.

प्रत्येकाला प्रत्येक वाइन ५० मिलिलिटर पुरे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पंधरा घोट बसतात, म्हणजे वीस जणांना प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या. थुंकायला मातीची बोळकी ठेवा आणि रात्री घाट चढून जाणाऱ्यांना ती वापरायला आग्रह करा. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना आधी काढा, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

इथपर्यंत झालं ते वेलीच्या हवामानाचं. तुमच्या अंगणातलं हवामानही प्रत्येक ग्लासात उतरणार आहे, आणि लोक नेमके तिथेच फसतात. मीही फसले आहे. कोकणात काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी, ऑक्टोबरात, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात टेबलं वाळूत मांडली होती. पुस्तकात लिहिलं होतं की रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, म्हणून मी बाटल्या तशाच उभ्या ठेवल्या. ही पुस्तकं युरोपातल्या दगडी घरांची, तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आमच्या टेबलावर रेड २९ अंशांना पोचली होती. एवढ्या उबेत अल्कोहोल आधी उडतं, फळ मागे राहतं. एका आजोबांनी ग्लास नाकाला लावला आणि म्हणाले, ‘बाय, हे स्पिरिट आहे.’ त्यांचं बरोबर होतं. चांगली वाइन होती ती, मी ती वाया घालवली, आणि आजही त्याची रुखरुख आहे.

म्हणून डिसेंबरात गुहागरला रेड फ्रिजमध्ये ठेवा आणि ओतण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. ग्लासात ती हवेने आपोआप वर येते. व्हाइट ८ ते १० अंश, स्पार्कलिंग त्याहून गार. बादलीत नुसता बर्फ टाकू नका, बर्फ निम्मा आणि पाणी निम्मं, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला हवा लागते, पाण्यात तिला सगळीकडून गारवा लागतो. आणि मऊ सुती पंचे भरपूर हाताशी ठेवा. नाशिकच्या कोरड्या थंडीत गार ग्लास बराच वेळ स्वच्छ राहतो. आपल्याकडे तोच ग्लास अर्ध्या मिनिटात घामाने भरतो, थेंब देठावरून ओघळतात, आणि आतला रंग दिसेनासा होतो. पाहुणे रंगाकडे बघत असतात आणि दिसतं ते धुकं. ग्लास पुसून हातात द्या, प्रत्येक वेळी.

टेबलं वाळूत मांडू नका. पश्चिमेचा वारा वास ग्लासातून बाहेर यायच्या आत घेऊन जातो, आणि नाकात खारट ओल भरलेली असते. घराच्या आडोशाला, मागच्या अंगणात मांडा, आणि त्या दिवशी तिथे सडा-शेणाचं सारवण नको, उदबत्ती नको, माशांचं कालवण उकळत ठेवलेलं नको. सूर्य बुडल्यावर समुद्राकडचा वारा पडतो. पाच वाजता रंग दाखवून घ्या आणि वासाच्या वाइन वारा पडल्यावर काढा.

जेवणाचं सांगते. सोलकढी अगदी शेवटी, सगळ्या वाइन झाल्यावर. कोकमाचा आंबटपणा जिभेवर असला की पुढची वाइन पाणचट लागते. सुरमई-पापलेट रव्यात तळून व्हाइटबरोबर द्या, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सुक्या करा, तिखट कमी. रेड आणि मासा एकत्र आणू नका. रेडमधलं लोह माशाच्या तेलाला लागलं की तोंडात हिवस चव राहते. रेडबरोबर ओल्या काजूची उसळ करायचा मोह होईल, पण डिसेंबरात ओला काजू नाही. सुक्या काजूची करा, खोबरं भाजून, मालवणी मसाला निम्म्यावर आणा. तिखटाने अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते.

बाटल्या आणताना दुपारचा प्रवास टाळा. बंद गाडीच्या डिकीत एक दुपार पुरते, बूच वर सरकतं आणि वाइन शिजते. पूर्वी पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या वाइनची पिंपं जहाजातून भारतापर्यंत जाऊन परत यायची आणि त्या उकाड्यात शिजून वेगळीच चांगली व्हायची, पण ती ब्रँडी घातलेली कडक वाइन होती. सोव्हिन्यों ब्लाँला ते झेपत नाही. व्हाइट घेताना साल बघा, गेल्या दोन हंगामांतलीच घ्या.

आणि शिराजची एक जास्तीची बाटली मागवा. ती दुपारी तीनला ओट्यावर ठेवून द्या, सावलीत, पण फ्रिजबाहेर. पाचव्या वाइनच्या वेळी प्रत्येकाला दोन ग्लास द्या, एक फ्रिजमधल्या बाटलीचा, एक ओट्यावरच्या. सांगू नका की दोन्ही एकच आहेत. एक नाशिकची आणि एक आणखी कुठलीतरी उष्ण प्रदेशातली, असं कुणीतरी ठामपणे म्हणेल. तेव्हा दोन्ही बाटल्यांची लेबलं त्यांच्यासमोर ठेवा, आणि दुसरीचा प्रदेश कोणता ते विचारा.